तेवीस क्रमांकांचा माणूस

केंद्रातल्या कुणालाही विचारलं तरी रकानेसाहेबांचं खरं आडनाव पटकन आठवायचं नाही. कोरा कागद दिसला की पट्टी ठेवून त्यावर रकाने पाडायचे, ही त्यांची जुनी खोड. मशीनच्या दुरुस्तीच्या तारखा असोत की सफाईवाल्या बाईंच्या सुट्ट्या, रकान्यात बसवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. कुणीतरी थट्टेत नाव ठेवलं, ते चिकटलं, आणि पुढेपुढे टपालसुद्धा त्याच नावाने येऊ लागलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. टपाल योग्य टेबलावर पोहोचतंय ना, मग झालं.

केंद्र म्हणजे एक बैठी इमारत, तिच्या पोटात जाड भिंतींची एक थंड खोली, त्या खोलीत एकच मोठं एमआरआय मशीन, आणि त्या मशीनवर हक्क सांगणाऱ्या तीन संस्था. एक रुग्णालय, एक विद्यापीठ आणि एक अभियांत्रिकी महाविद्यालय. एकट्याला झेपणारं नव्हतं म्हणून तिघांनी मिळून ते आणलेलं. इथे कुणावर उपचार होत नसत. माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा काढायच्या आणि त्यांच्यावर संशोधन करायचं, एवढंच काम. तीन जावा आणि चूल एक, असा हा संसार. सोमवार-मंगळवार रुग्णालयाचे, बुधवार-गुरुवार विद्यापीठाचे, शुक्रवार अभियांत्रिकीवाल्यांचा. शनिवारी मशीनची देखभाल. दर तासाला एक माणूस आत जाणार आणि एक बाहेर येणार. कुणाचा तास वाया गेला, कुणी कुणाच्या वाट्यातली दहा मिनिटं खाल्ली, यावरून जे धुमसायचं ते धुमसू न देणं म्हणजे व्यवस्थापकाची नोकरी. रकानेसाहेब वाणिज्य शाखेचे पदवीधर. मेंदूतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण तास वाटायला मेंदू कळावा लागत नाही.

त्यांच्याकडे आणखी एक काम होतं, आणि ते मात्र नाजूक होतं. संशोधनासाठी येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाकडून संमतीचा फॉर्म भरून घेतला जाई. फॉर्म घेतला की त्या माणसाला एक क्रमांक मिळे. पुढे संशोधकांना दिसायचा तो फक्त क्रमांक, वय, आणि बाई की पुरुष. प्रतिमेवरचा चेहरासुद्धा पुसून टाकत, म्हणजे उगाच कुणी ओळखायला नको. कुठला क्रमांक कोणाचा, हे सांगणारे कागद एका लोखंडी कपाटात असत आणि त्या कपाटाची किल्ली रकानेसाहेबांच्या पट्ट्याला. अकरा वर्षांत हजारावर माणसं त्या कपाटात जमा झाली होती. रस्त्यात एखादा शिंपी, एखादी शिक्षिका, एखादा वखारवाला समोरून गेला की त्यांना क्रमांक आठवे. नमस्कार मात्र करता येत नसे. ओळख दाखवायची नाही, असा नियमच होता.

घरी ते एकटे होते. म्हणजे तसे एकटे नव्हते. बायको होती, मुलगी होती, जावई होता, दोन नातवंडं होती, पण ती सगळी बारा तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शहरात. नात झाली तेव्हा बायको मुलीकडे दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. मग मुलीची नोकरी सुरू झाली, मग नातू झाला, मग दोघांच्या शाळा. दोन महिन्यांना आता नऊ वर्षं झाली होती. भांडण नाही, अबोला नाही. रोज संध्याकाळी सव्वाआठला फोन येई.

"दूध घेतलं?"

"घेतलं."

"गोळी?"

"झाली."

"मागचं दार?"

"लावलं."

"आणखी काय?"

"काही नाही. तिकडे?"

"चाललंय."

सव्वादोन मिनिटं लागत. कधी नातू मध्येच फोन हिसकावून "आजोबा, तुमचं मशीन माणूस गिळतं ना?" असं विचारी, तेव्हा तीन. सुट्टीत रकानेसाहेब तिकडे जात. पहिले तीन दिवस कौतुकाचे. चौथ्या दिवशी आपण नेमके सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत बसलो आहोत, असं त्यांना वाटू लागे. तसं कुणी म्हणायचं नाही. ते आपले खुर्ची थोडी मागे सरकवत, मग आणखी थोडी, आणि आठव्या दिवशी परत येत.

निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना एका सोमवारी सकाळी गणितवाली मॅडम त्यांच्या टेबलापाशी आली. विद्यापीठाने नुकतीच नेमलेली, संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेली, त्यांच्या मुलीहूनही लहान. तिन्ही संस्थांनी आजवर जमवलेल्या निरोगी माणसांच्या प्रतिमा एकत्र करून, वय वाढतं तसा मेंदू कसा बदलतो, हे शोधायचं मोठं काम तिच्याकडे होतं. आजवर तिन्ही संस्थांच्या नोंदींच्या पेट्या वेगवेगळ्या होत्या. आता पहिल्यांदा एकीत ओतल्या होत्या.

"सर, आपल्याकडे एक चोर आहे," ती खुर्ची ओढत म्हणाली.

"काय गेलं?"

"गेलं नाही, वाढलं. तेवीस माणसं जास्त आहेत. बावीस म्हणा. एक तर खरा असणारच."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर राखाडी रंगाच्या अक्रोडासारखी चित्रं ओळीने मांडलेली होती. "चेहरा आपण पुसतो, पण मेंदूच्या वळ्या कशा पुसणार? अंगठ्याच्या ठशासारख्याच असतात त्या. वेगवेगळ्या अभ्यासांतले हे तेवीस क्रमांक, आणि वळ्या सगळ्यांच्या एकच. आणि हा बघा." तिने एका ठिकाणी पेन टेकवलं. "वाटाणा. पाण्याची बारीकशी पिशवी आहे. जन्मापासून असते, तिचा त्रास काही नसतो. पण एवढीच, याच जागी, तेवीस जणांना? मी त्याचं नाव वाटाणेबुवा ठेवलंय."

रकानेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरा पक्का दिसतोय बुवा," ती पुढे म्हणाली. "दर वेळी नवं नाव सांगून आत शिरला असणार. बावन्नाव्या वर्षी तर एकाच वर्षात चारदा. मला त्याचं नाव नको सर, नियम माहीत आहे मला. तुम्ही फक्त कपाट उघडून बघा, हा एकच माणूस आहे का, आणि त्याने आपल्याला बनवलं कसं. गुरुवारी तिन्ही संस्थांची बैठक आहे, तिथे मला सांगावं लागेल. कारण कळलं तर बावीस काढून टाकता येतील. नाही कळलं तर रुग्णालयाचे मोठे डॉक्टर म्हणणार, एवढं चुकलं तर बाकीचं तरी कशावरून बरोबर? मग अकरा वर्षांची नोंदच बाद."

"बघतो," रकानेसाहेब म्हणाले.

ती गेली. त्यांनी कपाट उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. वाटाणा त्यांचाच होता.

हे सुरू झालं होतं अगदी सरळ मनाने. केंद्र नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका मंगळवारी रुग्णालयाचा स्वयंसेवक, एक दुकानदार, ऐनवेळी आलाच नाही. तास फुकट जाणार, मग रुग्णालयवाले विद्यापीठाचा तास मागणार, मग विद्यापीठवाले पत्र लिहिणार. रकानेसाहेबांनी फॉर्म वाचला. निरोगी, चाळीस ते पासष्ट वयाचा कोणीही. ते शेहेचाळीस वर्षांचे होते आणि निरोगी होते. त्यांनी खिशातल्या किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, फॉर्मवर सही केली, पुढचा क्रमांक घेतला आणि जाऊन आडवे झाले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या एका डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "डोक्यात वाटाण्याएवढं काहीतरी आहे, जन्मापासूनचं. काही करायचं नाही, विसरून जा." ते विसरले नाहीत, पण कुणाला सांगितलंही नाही.

पुढे तसाच प्रसंग आला की ते जात. एका अभ्यासात एक माणूस एकदाच, असा नियम होता. तो त्यांनी कधी मोडला नाही. प्रत्येक अभ्यासाचा कागद स्वतःपुरता चोख होता. हे सगळे कागद एके दिवशी एकमेकांशेजारी ठेवले जातील, हे मात्र त्या चोख माणसाच्या ध्यानात आलं नाही.

पण खरी गोम इथे नव्हती. ऐनवेळी कुणी गळालं तर काय करायचं, याचाही नियम होता, आणि तो रकानेसाहेबांनीच लिहिला होता. राखीव यादीतल्या तिघांना फोन करायचे. कुणीच येण्यासारखं नसेल तरच पुढचा विचार. पहिली दोन वर्षं त्यांनी तिघांनाही फोन केले. पुढे एकालाच करू लागले, आणि तोही चार रिंगांत उचलला नाही तर ठेवून देत. मग तोही बंद झाला. स्वयंसेवक यायला पाच मिनिटं उशीर झाला की ते खिडकीतून फाटकाकडे बघत, आणि फाटकातून कुणी येताना दिसलं तर त्यांचा किंचित हिरमोड होई. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

मशीनमध्ये काय आहे म्हणाल, तर काही नाही. अरुंद फळी, कानात बोळे, डोक्याभोवती पिंजरा, हातात रबरी फुगा. घाबरलात तर तो दाबायचा. मग ठोकाठोक सुरू होते, पत्र्याच्या छपरावर कुणी हातोडे घेऊन बसलंय अशी. पाचेक मिनिटांनी ती थांबते, आणि कानाशी मशीनवाल्या मॅडमचा आवाज येतो.

"ठीक आहात ना साहेब?"

"ठीक."

"पाय गार नाही ना पडले? पांघरूण देऊ?"

"नको."

"आता सहा मिनिटांचं आहे. हलू नका हं. मी इथेच आहे."

तासाभरात हे सात-आठ वेळा. सगळ्यांनाच विचारायचं असतं तसं. शिंप्याला, शिक्षिकेला, वखारवाल्याला. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही सहा मिनिटं ठोकाठोकीत निपचित पडून राहायचं आणि ती थांबली की कुणीतरी विचारणार आहे, याची वाट बघायची, यात काय होतं कोण जाणे. बाहेर आल्यावर चार-सहा दिवस त्यांना घराच्या जिन्याचा दम लागत नसे.

बुधवारी दुपारी मशीनवाल्या मॅडम स्वतःच त्यांच्या खोलीत आल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, स्वभावाने रोखठोक. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

"गणितवालीला सांगितलंत?"

"अजून नाही."

"सांगू नका. सहा वर्षं मशीनवर मी आहे. त्यात सोळाएक वेळा तुम्हीच होता. तुमचं नाव निघालं की माझं निघालंच."

"तुम्ही क्रमांक बघून काम केलंत. तो कोणाचा, हे बघायचं काम तुमचं नाही."

"हे तुम्ही म्हणता. मोठे डॉक्टर काय म्हणतील ते मला विचारा." त्या खुर्चीत बसल्या आणि आवाज खाली आणला. "तो ड्रायव्हर आठवतो का? राखीव यादीतला, जाड मिशांचा. गेल्या वर्षी गेला बिचारा. तुमच्याच वयाचा होता. चार अभ्यासांत तर तो आलेलाच आहे. आणखी तेवीस वेळा नाव बदलून आला म्हटलं, तर कोण विचारायला जाणार आहे त्याला?"

"मड्याच्या टाळूवरचं लोणी खायला सांगताय मला."

"लोणी कुठलं साहेब, नुसती टाळू आहे. तीसुद्धा जळून गेली." मग त्यांना स्वतःलाच बरं वाटेना. "मी आपलं सुचलं ते सांगितलं. चौदा महिने राहिले तुमचे. नाक धरून काढले असते तर निघाले असते."

पाच वाजता सगळे गेले. रकानेसाहेब थांबले आणि त्यांनी कपाट उघडलं. ड्रायव्हरचे चारही फॉर्म त्यांना लगेच सापडले. हे करता येण्यासारखं होतं. स्वतःचे तेवीस कागद बाहेर काढायचे, गणितवालीला सांगायचं की एक ड्रायव्हर होता, फसवलं त्याने, आता तो नाही. तिला नाव नकोच होतं, आणि कपाटात दुसऱ्या कुणाचा हात जात नव्हता. केंद्राची अकरा वर्षं वाचली असती, मशीनवाल्या मॅडम वाचल्या असत्या, ते स्वतः वाचले असते. त्यांनी पहिल्या फॉर्मवर नजर फिरवली. "आपण यात का सहभागी होऊ इच्छिता?" या प्रश्नापुढे ड्रायव्हरने मोठ्या, उताराच्या अक्षरात लिहिलं होतं: "बायको म्हणते तुमच्या डोक्यात काही नाही. खात्री करावी म्हणून."

रकानेसाहेबांना हसू आलं. रिकाम्या ऑफिसात ते एकटेच हसले. मग ते फॉर्म होते तसे जागेवर ठेवून त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि एक कोरा कागद घेतला.

गुरुवारच्या बैठकीला आठ माणसं होती. अध्यक्षस्थानी रुग्णालयाचे मोठे डॉक्टर, त्यांच्या उजवीकडे विद्यापीठाच्या विभागप्रमुख बाई, डावीकडे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. या प्राध्यापकांना विनोद केल्याशिवाय चहा पचत नसे. गणितवालीने पडद्यावर अक्रोड दाखवले, वाटाणा दाखवला.

"मग? सापडला का तुमचा बहुरूपी?" मोठ्या डॉक्टरांनी रकानेसाहेबांना विचारलं.

"सापडला." त्यांनी आणलेल्या कागदाच्या प्रती सगळ्यांपुढे सरकवल्या. तेवीस ओळी. तारीख, संस्था, अभ्यास, क्रमांक, आणि त्या दिवशी न आलेला मूळ स्वयंसेवक, तोही क्रमांकानेच. "मीच आहे तो."

गणितवालीचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला.

"एका अभ्यासात एकदाच, हा नियम मी मोडलेला नाही. फॉर्मवर सह्या माझ्या आहेत. मशीन चालवणाऱ्यांचा यात काही दोष नाही, त्यांना मी क्रमांक देत होतो. तिन्हीकडच्या प्रतिमा कधी एकत्र येतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"डोक्यात आलं नाही, आणि डोकं मात्र सगळीकडे आलं," प्राध्यापक म्हणाले. दोघे-तिघे हसले. रकानेसाहेबही थोडे हसले. इथवर सगळं निभावलं होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर एका अतिउत्साही माणसाची चूक म्हणून विषय संपला असता.

मोठे डॉक्टर मात्र कागद वाचत होते. "राखीव यादी होती ना? तिघांना फोन करायचे, असं ठरलेलं. हे तेवीस दिवस कुणीच फोन उचलला नाही?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. न उचललेल्या फोनची नोंद कुठेच नसते.

"मी केले नाहीत," रकानेसाहेब म्हणाले. "सुरुवातीला करत होतो. नंतर एकाला करायचो. शेवटची पाच-सहा वर्षं कुणालाच केला नाही."

"का?"

समोरच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. त्यांनी कागद थोडा सरळ केला.

"मला जावंसं वाटायचं."

"कुठे?"

"मशीनमध्ये."

"साहेब, लोक पैसे दिले तरी तिथे यायला कुरकुरतात," प्राध्यापक म्हणाले, पण या वेळी ते हसवत नव्हते. "काय आहे तिथे?"

"काही नाही. मधूनमधून विचारतात." रकानेसाहेबांचा आवाज नेहमीसारखाच होता, ते गेल्या बैठकीचा वृत्तांत वाचत तेव्हा असे तसा. "ठीक आहात का म्हणून. सगळ्यांनाच विचारतात, नियमच आहे. मला माहीत आहे ते."

विभागप्रमुख बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. प्राध्यापकांनी चहाचा कप उचलला, रिकामा होता, तो परत ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी निर्णय सांगितला. बावीस नोंदी काढायच्या, पहिली ठेवायची. बाकीच्या सगळ्या वळ्या गणितवालीने एकमेकींशी ताडून बघायच्या. व्यवस्थापकाला लेखी समज, ती सेवापुस्तिकेत जाणार. आणि यापुढे केंद्राच्या कुठल्याही कर्मचाऱ्याने स्वयंसेवक व्हायचं नाही. "हा शेवटचा ठराव तुम्हीच लिहून काढा," ते म्हणाले. "तुमचं लिखाण नीट असतं."

रकानेसाहेबांनी तो तिथल्या तिथे लिहून काढला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पुस्तिकेत अशी ही पहिलीच ओळ.

बाहेर व्हरांड्यात गणितवालीने त्यांना गाठलं. "सर, मी चोर म्हणाले होते."

"तुम्हाला कुठे माहीत होतं."

"तरी." ती त्यांच्या बरोबरीने चालू लागली. चार पावलं गेल्यावर, काहीतरी बोलावं म्हणून असेल किंवा खरोखरच आकड्यांचा किडा म्हणून असेल, तिने विचारलं, "तुमची यादी बघत होते. पहिल्या दोन वर्षांत तीनच आहेत. मग एकदम वाढल्यात. तेव्हा काही झालं होतं का?"

"नात झाली," रकानेसाहेब म्हणाले.

"अरे वा," ती म्हणाली.

संध्याकाळी ते घरी आले. जेवणाच्या टेबलाशी चार खुर्च्या होत्या, त्यांतल्या तीन खुर्च्यांवर धूळ बसू नये म्हणून जुन्या चादरी टाकलेल्या. चौथीवर ते बसले. कागद खिशात तसाच होता, तो त्यांनी टेबलावर काढून ठेवला. सव्वाआठला फोन वाजला.

"दूध घेतलं?"

"घेतलं."

"गोळी?"

"झाली."

"मागचं दार?"

"लावलं."

"आणखी काय?"

रकानेसाहेब थांबले. एवढं थांबायची पद्धत नव्हती.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"आज बैठकीत मला समज दिली," ते म्हणाले. "लेखी."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

मग त्यांनी सांगितलं. आधी नियम, मग अपवाद, मग वळ्या, मग वाटाणा. ती मध्ये बोलली नाही. वाटाण्यापाशी बोलली.

"कुठे आहे म्हणालात?"

"डोक्यात. डावीकडे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"कधीपासून?"

"जन्मापासून. कळलं त्याला अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं. आणि मला आज सांगताय?"

"काही करायचं नसतं म्हणाले डॉक्टर."

"मी करण्याबद्दल विचारलं का?"

मागून नातवाचा आवाज आला, आजी माझी कंपासपेटी कुठाय. "आईला विचार," ती म्हणाली. तरी तो विचारतच राहिला. मग पावलं ऐकू आली, दार लागल्याचा आवाज आला, आणि तिकडची सगळी गडबड एकदम लांब गेली.

"आता सांगा. किती वेळा गेलात त्याच्यात?"

"तेवीस."

"पहिल्यांदा कधी?"

त्यांनी कागद पुढे ओढला आणि तारीख वाचली. "एक दुकानदार यायचा होता, तो आला नाही, रुग्णालयाचा तास…"

"ते नको. तेव्हा मी घरी होते ना?"

"होतीस."

"मग आल्यावर बोलला का नाहीत?"

"तुझी मावसबहीण आलेली होती. पडदे घेऊन."

"निळे. हां." ती आठवत होती. "पुढची?"

त्यांनी दुसरी वाचली. तेव्हा मुलीची परीक्षा होती. तिसरी वाचली. तेव्हा मुलीचं लग्न ठरल्याला आठवडा झाला होता आणि घरात याद्यांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. कधी सांगणार, असं तेच म्हणाले. ती "हूं" म्हणाली. मग त्यांनी चौथी तारीख वाचली आणि पुढे काही सांगितलं नाही.

"ही मी इकडे आल्यानंतरची," ती म्हणाली.

"हो."

"किती दिवसांनी?"

"सहाव्या दिवशी."

तिकडे दारावर कुणीतरी थापा मारत होतं, आजी, आजी म्हणत होतं. तिने ओ दिली नाही.

"पाचवी वाचा," ती म्हणाली.